लोखंडाचा शीण मोजणारा : ऑगस्ट व्होलर

विद्यार्थिमित्रहो, आपल्या उंब्रज गांवीं कृष्णा आणि तारळी या नद्यांचा संगम आहे व मोठा हमरस्ताहि गांवावरूनच जातो; परंतु आगगाडी पाहावयाची झाल्यास आपणांस मसूरच्या किंवा तारगांवच्या स्टेशनावर जावें लागतें. तेथें फलाटावर उभें राहिलें असतां आपलें लक्ष एंजिनाकडे जातें, खिडक्यांतून डोकावणाऱ्या उतारूंकडे जातें. परंतु डब्याच्या खालीं दोन चाकांना जोडणारा जो जाड आंस असतो, त्याच्याकडे कोणीहि पाहत नाहीं. शेंकडों माणसांचे प्राण त्या आंसावर विसंबून असतात. तो मोडत नाहीं, म्हणूनच त्याची आठवण होत नाहीं. आंस कां मोडतो, किती वेळां फिरल्यावर मोडतो, आणि तो मोडूं नये म्हणून त्यावर किती ओझें घालावें, हें ज्या पुरुषानें आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें खर्चून जगास मोजून दाखविलें, त्या ऑगस्ट व्होलर याचें चरित्र आज सांगावयाचें आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तुम्हीं व्होलर हें नांव वाचलें असेल. १८२८ सालीं प्रयोगशाळेंत युरिया तयार करणारा तो फ्रीडरिख व्होलर निराळा. आमचा चरित्रनायक आगगाडीच्या कारखान्यांतला.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वीं एक लहानसा प्रयोग करून पाहा. कुंपणाची लोखंडी तार घ्या. ती दोन्ही हातांनीं ओढून तोडूं म्हटलें तर एखाद्या पैलवानासहि तें साधावयाचें नाहीं. परंतु तीच तार एकाच जागीं पुढें व मागें वांकवीत राहा. थोड्याच वेळांत, एखाद्या लहान मुलाच्या हातांतहि, तिचे दोन तुकडे होतील. प्रत्येक वेळीं लाविलेलें बळ थोडेंच होतें. परंतु तें पुनःपुन्हां लाविलें गेलें. जें काम मोठ्या बळानें एकदां होत नाहीं, तें थोड्या बळानें अनेक वेळां केल्यास होतें. ही गोष्ट आमच्या लोहारास व गाडीवानास अनुभवानें ठाऊक असते. उसानें ठेचून भरलेल्या गाडीचा आंस त्या दिवशीं टिकतो, आणि पुढें कधीं तरी हलकें ओझें असतां सपाट वाटेवर मोडतो. मनुष्य चकित होतो व नशिबास बोल लावतो. व्होलर यानें नशिबास बोल न लावतां मोजण्यास आरंभ केला, हेंच त्याचें मोठेपण.

ऑगस्ट व्होलर याचा जन्म २२ जून १८१९ रोजीं जर्मनींतील हॅनोव्हर राज्यांत झोल्टाउ नांवाच्या लहान गांवीं झाला. ज्या सालीं साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांशीं इंग्रजांचा तह झाला, त्याच सालची ही गोष्ट. आणि योगायोग असा कीं, त्या वेळीं इंग्लंडचा राजाच हॅनोव्हरचाहि राजा होता. झोल्टाउच्या भोंवतालचा मुलूख माळरानाचा व रेताड. ऑगस्टचे वडील शाळामास्तर होते. शिक्षकाच्या घरीं द्रव्याची विपुलता कोठेंहि नसते; परंतु गणित व शिस्त यांची मात्र मुलास वाण पडली नाहीं. हॅनोव्हर शहरीं त्या काळीं कार्ल कार्मार्श या नामांकित गुरूच्या देखरेखीखालीं एक उच्च उद्योगशाळा चालत असे. तेथें ऑगस्टचें शिक्षण झालें. कार्मार्श हा कारागिरांच्या हातांतलें ज्ञान शास्त्राच्या पायावर उभें करूं पाहणारा मनुष्य होता. गुरूची ती दृष्टि शिष्यानें आयुष्यभर जतन केली.

शिक्षण संपल्यावर व्होलर बर्लिनला बोर्झिग याच्या प्रसिद्ध कारखान्यांत गेला. तेथें जर्मनींतील आरंभींचीं एंजिनें तयार होत होतीं. पुढें त्यानें बेल्जममध्यें एंजिन हांकण्याचें शिक्षण घेतलें व हॅनोव्हरच्या रेल्वेवर काम केलें. केवळ कागदावर आकृति काढणारा इंजिनिअर तो नव्हता. एंजिनाच्या फळीवर उभें राहून, खालून येणारे धक्के आपल्या पायांस सोसून, त्यानें लोखंडाची ओळख करून घेतली होती.

याच सुमारास एक भयंकर प्रसंग घडला. ८ मे १८४२ हा दिवस रविवारचा होता. फ्रान्समध्यें व्हर्साय येथें राजाच्या सन्मानार्थ उत्सव झाला होता, आणि तो पाहून परतणाऱ्या लोकांनीं भरलेली गाडी पॅरिसकडे चालली होती. वाटेंत म्यूदों गांवाजवळ पुढच्या एंजिनाचा आंस एकाएकीं मोडला. मागचें एंजिन व डबे त्यावर जाऊन आदळले आणि भट्टींतील विस्तवानें लांकडी डब्यांस आग लागली. डब्यांचीं दारें त्या वेळच्या रिवाजाप्रमाणें बाहेरून कुलपें लावून बंद केलेलीं होतीं. पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत धाडसी सफरी करून सुखरूप परत आलेला द्युमाँ द्युर्व्हिल हा नाविक आपली पत्नी व मुलगा यांच्यासह त्या आगींत मेला. बर्फाच्या पर्वतांनीं ज्यास सोडलें, त्यास लोखंडाच्या एका दांड्यानें गांठलें.

सर्व युरोपांत हळहळ झाली आणि हा आंस मोडला कां, हा प्रश्न जो तो विचारूं लागला. आंसावरील ओझें त्यास झेपण्याजोगेंच होतें. मग तो मोडावा कां? त्या काळीं एक समजूत फार रूढ होती. चांगलें घडीव लोखंड हें तंतुमय असतें. परंतु गाडीच्या हादऱ्यांनीं त्याचे तंतु नाहींसे होऊन तें दाणेदार व ठिसूळ बनतें, असें लोक म्हणत. मोडलेल्या जागीं चकचकीत दाणे दिसत, म्हणून ही समजूत खरी वाटे. स्कॉटलंडांतील रँकिन नांवाच्या तरुण इंजिनिअरानें १८४३ मध्यें निराळें मत मांडलें. लोखंडाची जात बदलत नसून, आंसाची जाडी जेथें एकदम कमी होते त्या कोपऱ्यांत बारीक भेग पडते, ती हळूहळू आंत जाते आणि शेवटीं उरलेला गाभा अपुरा पडून आंस मोडतो, असें त्यानें दाखविलें. त्याच्याहि पूर्वीं हॅनोव्हर राज्यांतील खाणींवर विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्यानें पाळण्याच्या लोखंडी सांखळ्या वारंवार ओढून त्या किती वेळांनीं तुटतात हें पाहिलें होतें. म्हणजे शंका पुष्कळांच्या मनांत आली होती. परंतु किती ओझें आणि किती वेळां, या दोन प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांत कोणीं दिलीं नव्हतीं. आंकडे नसतां इंजिनिअरानें काय करावें? आंस जाड करावा, तर गाडी विनाकारण जड होते. बारीक ठेवावा, तर माणसें मरतात.

१८४७ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, व्होलर याची बर्लिन व ब्रेस्लाउ यांच्या दरम्यान धांवणाऱ्या रेल्वेवर यंत्रविभागाचा मुख्य म्हणून नेमणूक झाली. ओडर नदीवरील फ्रांकफुर्ट या गांवीं त्याचा कारखाना होता. पुढें ही रेल्वे प्रशियाच्या सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. वीसहून अधिक वर्षें व्होलर तेथें राहिला. आमच्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हां तो त्याच कारखान्यांत एंजिनें व डबे यांची देखभाल करीत होता. आणि आमच्या बोरघाटांत रूळ पडत होते, त्या वर्षांत त्याचे प्रयोग भर जोरांत चालले होते.

त्यानें पहिली गोष्ट ही केली कीं, प्रत्यक्ष धांवत्या गाडीखालीं आंस किती वांकतो तें मोजलें. यासाठीं त्यानें स्वतः एक उपकरण तयार केलें. आंस वांकला म्हणजे उपकरणांतील सुई जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा काढी. ओरखडा जितका लांब, तितका वांक अधिक. बाहेरून पाहणाऱ्यास जो आंस वज्रासारखा ताठ दिसे, तो प्रत्येक धक्क्यास किंचित् वांकत असल्याची साक्ष त्या पत्र्यावर उमटे. अशीं मोजमापें त्यानें सुमारें २२,००० किलोमीटरांच्या प्रवासावर घेतलीं व १८५८ आणि १८६० सालीं तीं प्रसिद्ध केलीं. तर्कानें ठरविलेला भार निराळा आणि रुळांचे सांधे, वळणें व खडबड यांतून जातांना प्रत्यक्ष पडणारा भार निराळा, हें त्याला मोजून पाहावयाचें होतें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. डब्याचें ओझें आंसाच्या दोन्ही टोंकांवर, चाकांच्या बाहेरच्या बाजूस, टेकलेलें असतें. त्यामुळें आंसाची वरची बाजू ताणली जाते व खालची दाबली जाते. परंतु आंस चाकांबरोबर फिरतो. अर्धा फेरा झाला कीं वरची बाजू खालीं येते. जी ताणली होती ती आतां दाबली जाते, आणि जी दाबली होती ती ताणली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत लोखंडाचा प्रत्येक कण एकदां ओढला व एकदां चेंपला जातो. आपण तार पुढें मागें वांकविली, तेंच काम येथें चाक करतें. डबा एका मैलांत सहाशें वेळांच्या आसपास आंस फिरवितो. मग शेंकडों मैलांच्या प्रवासांत किती फेरे होत असतील, याचा हिशेब तुम्हीं करून पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यानें कारखान्यांत आंस फिरविणारीं यंत्रें बांधलीं. आंसाच्या टोंकास ठराविक ओझें लावावयाचें, तो फिरवीत राहावयाचें, फेरे मोजावयाचे आणि तो केव्हां मोडतो तें लिहून ठेवावयाचें. आधीं पुऱ्या आकाराचे आंस व पुढें लहान नमुने घेऊन हे प्रयोग झाले. रात्रंदिवस यंत्र फिरत राही. कांहीं नमुने थोड्या दिवसांत मोडत, तर कांहीं वर्षानुवर्षें फिरत. ज्या कामांत उद्यांचा निकाल परवां मिळत नाहीं, तर चार वर्षांनीं मिळतो, त्या कामास लागणारी चिकाटी किती असेल, याची कल्पना करा.

त्याच्या वहींतील एकाच जातीच्या लोखंडाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या जर्मन वजनमापांप्रमाणें ताणाचा आंकडा ३२० असतां नमुना ५६,४३० फेऱ्यांनीं मोडला. ताण २८० केला, तेव्हां १,८३,१४५ फेरे लागले. २४० वर आणला, तेव्हां ९,०९,८१०. आणि २२० वर ३६,३२,५८८. पुढें १८० वर तर १,९१,८६,७९१ फेरे झाल्यावर तो मोडला. शेवटीं १६० वर, म्हणजे आरंभींच्या ताणाच्या अर्ध्यावर, नमुना १३,२२,५०,००० वेळां फिरूनहि मोडला नाहीं. तेरा कोटींहून अधिक वेळां! ताण थोडासा कमी केला, तर आयुष्य थोडेंसें न वाढतां अनेक पटींनीं वाढतें. आणि त्या लोखंडाला एक पायरी अशीहि असते कीं, तिच्या खालीं तें जणूं थकतच नाहीं. आंस बनविणारांस जें ज्ञान पाहिजे होतें, तें हेंच.

व्होलर एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें तऱ्हेतऱ्हेचीं ओझीं लावून पाहिलीं. वरील लोखंड उलटसुलट ताणलें असतां १६० पर्यंतच टिके. परंतु तेंच शून्यापासून एकाच बाजूस ताणलें व पुन्हां मोकळें केलें, तर ३०० पर्यंत टिके. आणि मुळांतच २४० चा कायमचा ताण ठेवून त्यावर चढउतार केला, तर ४४० पर्यंतहि टिके. यावरून त्यानें सिद्धांत काढला कीं, लोखंड एकदांच ओढून तोडण्यास जितकें बळ लागतें, त्याहून पुष्कळ कमी बळानेंहि तें पुनःपुन्हां ओढून तुटतें. आणि त्यांत मुख्य महत्त्व सर्वांत मोठ्या ताणास नसून, ताण किती चढतो व किती उतरतो, या अंतरास आहे. मात्र सर्वांत मोठा ताण जसजसा वाढवावा, तसतसें सोसवणारें अंतर कमी होतें. आंसाची जाडी जेथें बदलते तेथें काटकोनी कोपरा ठेवल्यास तो लौकर मोडतो व गोलाई दिल्यास अधिक टिकतो, हेंहि त्यानें प्रयोगांनीं दाखविलें. आज कोणत्याहि चांगल्या यंत्राच्या दांड्यावर कोपऱ्याच्या जागीं जी गोलाई दिसते, ती केवळ शोभेची नव्हे. तिच्यापाठीमागें अशा मोडलेल्या आंसांची शिकवण आहे.

१८६७ सालीं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत त्याच्या प्रयोगांचे निकाल मांडले गेले व इंग्लंडांतील इंजिनिअर लोकांचेंहि त्यांकडे लक्ष गेलें. १८७० सालीं त्यानें सर्व कामाचा समारोप करणारा लेख प्रसिद्ध केला. त्यानें आपले आंकडे कोष्टकांच्या रूपानेंच दिले होते. ताण एका अक्षावर व फेरे दुसऱ्या अक्षावर घेऊन त्यांची वक्ररेषा पुढील लोकांनीं काढली. त्या रेषेला आज जगभर व्होलरची वक्ररेषा असें म्हणतात. ज्यानें ती काढली नाहीं त्याचें नांव तिला मिळालें, यांत अन्याय कांहीं नाहीं. कारण तींतील प्रत्येक ठिपका म्हणजे कोणीतरी महिनोगणती मोजलेले फेरे आहेत.

व्होलर याचें पुढील आयुष्य मोठ्या जबाबदारीच्या जागांवर गेलें. आंसांखेरीज लोखंडी पुलांच्या शास्त्रांतहि त्यानें भर घातली. १८७४ सालीं तो आल्सेस-लोरेन प्रांताच्या सरकारी रेल्वेवर संचालक म्हणून स्ट्रासबुर्ग शहरीं गेला. तेथें असतां त्यानें आणखी एका गोष्टीचा आग्रह धरला. लोखंड व पोलाद विकत घेतांना केवळ कारखानदाराच्या शब्दावर विसंबूं नये. त्याची कसोटी घेऊन प्रत ठरविली जावी आणि त्यासाठीं सरकारी परीक्षणशाळा असाव्या, असें त्याचें म्हणणें होतें. माल बनविणाऱ्या कारखानदारांस हें रुचलें नाहीं व त्यांनीं विरोध केला. परंतु ज्या वस्तूवर परक्यांचे प्राण अवलंबून आहेत, ती वस्तु तपासून घेण्याचा हक्क समाजाला आहे, हें तत्त्व पुढें सर्व देशांनीं मान्य केलें. १८८९ सालीं सेवानिवृत्त होऊन तो हॅनोव्हर येथें राहिला, आणि २१ मार्च १९१४ रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, त्यानें इहलोकची यात्रा संपविली. ज्या शहरीं विद्यार्थी म्हणून त्यानें पहिली आकृति काढली, त्याच शहरीं त्याचा देह विसावला.

मनुष्य गेला, परंतु त्याचा प्रश्न मागें राहिला व वाढत गेला. म्यूनिकच्या बाउशिंगर या प्राध्यापकानें व्होलरचे प्रयोग पुढें चालविले, आणि धातु एका बाजूस ताणली म्हणजे उलट बाजूस ती लौकर नमते, हें दाखविलें. जणूं झालेल्या गोष्टीची आठवण धातु मनांत ठेवते. १९०३ सालीं केंब्रिजच्या यूइंग व हंफ्री या शास्त्रज्ञांनीं उलटसुलट वांकविलेलें लोखंड सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें, तेव्हां त्यांस लोखंडाच्या कणांत बारीक घसरणीच्या रेघा व त्यांतूनच पडणाऱ्या भेगा दिसल्या. तंतु जाऊन दाणे होतात ही जुनी समजूत त्या रेघांनीं निकालांत काढली. लोखंड मुळापासूनच दाणेदार असतें. शिणानें दाणे उत्पन्न होत नाहींत, भेगा उत्पन्न होतात.

परंतु व्होलरचे आंस थंड होते. धातु तापली म्हणजे दुसरा एक शत्रु जागा होतो. शिसें ही इतकी मऊ धातु आहे कीं, साध्या हवेंतच हा शत्रु तिला गांठतो. भिंतीवर आडव्या बसविलेल्या शिशाच्या जुन्या नळ्या स्वतःच्या वजनानें वर्षानुवर्षें खालीं लोंबत गेलेल्या दिसतात. ओझें वाढलेलें नसतें, तें हलतहि नसतें. केवळ काळ जात असतो. या हळूहळू लांबत जाण्यास शास्त्रांत विसर्पण असें म्हणतात. १९१० सालीं लंडनमध्यें आंद्रादे या तरुण शास्त्रज्ञानें तारांस वजन लावून त्या कशा लांबत जातात हें मोजलें. तार लांबली कीं बारीक होते व तिजवरील ताण आपोआप वाढतो. हें टाळण्यासाठीं त्यानें वजनाचा आकारच असा केला कीं, तार लांबेल तसतसें तें पाण्यांत बुडून हलकें व्हावें. व्होलरच्या जस्ताच्या पत्र्यास शोभणारीच ही युक्ति होती.

आतां हे दोन्ही शत्रु एकत्र आले तर काय होईल? हा प्रश्न आमच्या महाराष्ट्रांतहि दररोज उभा असतो. आपल्या सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या पाण्यावर जीं चक्रें फिरतात तीं थंड असतात. त्यांस शीण येऊं शकेल, पण विसर्पणाची भीति नाहीं. चंद्रपूर व कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्रांतील गोष्ट निराळी. अशा केंद्रांत सुमारें ५४० अंशांपर्यंत तापलेली वाफ पोलादी नळ्यांतून व चक्रांतून वाहते. संच एकसारखा चालूं असतो तोंवर पोलाद तास तास करून विसर्पत असतें. संच बंद करून पुन्हां सुरू केला कीं जाड पोलादाची एक बाजू आधीं तापते व फुगूं पाहते. दुसरी थंड बाजू तिला धरून ठेवते, आणि बाहेरून कांहीं ओझें नसतांहि आंतल्या आंत ताण उत्पन्न होतो. असा प्रत्येक आरंभ व प्रत्येक विराम म्हणजे व्होलरच्या आंसाचा एक फेरा होय. अलीकडे सूर्यप्रकाशापासून दिवसा पुष्कळ वीज मिळूं लागल्यामुळें कोळशावरील संचांचें काम दुपारीं कमी व सायंकाळीं अधिक करण्याची गरज वाढली आहे. त्यामुळें या चढउताराच्या फेऱ्यांचा हिशेब पूर्वींपेक्षां अधिक महत्त्वाचा झाला आहे.

हा हिशेब ठेवण्याची पहिली रीत अगदीं घरखर्चासारखी आहे. धातूचें आयुष्य म्हणजे एक रुपयाची पुरचुंडी समजा. एखाद्या ताणाखालीं ती हजार फेऱ्यांनीं मोडणार असेल, तर प्रत्येक फेऱ्यास रुपयाचा हजारावा भाग खर्च पडला. ही कल्पना १९२४ सालीं स्वीडनमधील पाल्मग्रेन यानें व पुढें १९४५ सालीं अमेरिकेंतील मायनर यानें मांडली. आणि उष्णतेंतील तासांचाहि असाच हिशेब रॉबिन्सन या अमेरिकन इंजिनिअरानें सुचविला. फेऱ्यांचा खर्च व तासांचा खर्च यांची बेरीज एक रुपया झाली कीं पुरचुंडी रिकामी. हिशेब सोपा आहे, परंतु धातु तो नेहमीं पाळीत नाहीं. उष्णतेंत ताणाखालीं राहिलेल्या पोलादाच्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या पडतात, आणि शिणानें पडलेली भेग पुढें सरकतांना त्या पोकळ्या एकमेकींस जोडीत जाते. दोन चोर निरनिराळे आले तर जितकें नेतील, त्याहून जोडीनें आल्यास अधिक नेतात. म्हणून पुष्कळ ठिकाणीं रुपया सरण्यापूर्वींच भाग निकामी होतो, आणि शहाणा इंजिनिअर पुरचुंडी अर्धी भरलेली असतांच सावध होतो.

१९५० नंतर या शास्त्राची फार वाढ झाली. १९५४ सालच्या सुमारास अमेरिकेंत कॉफिन व मॅन्सन यांनीं, ताणापेक्षां धातु प्रत्येक फेऱ्यांत किती कायमची वांकते हें पाहून तिचें आयुष्य सांगण्याचा नियम शोधून काढला. तापून निवणाऱ्या यंत्रांस तो फार उपयोगी पडला. पुढें गणकयंत्रें आलीं व धातूच्या वर्तनाचीं गणितें मांडण्यांत येऊं लागलीं. त्यांत बाउशिंगरनें पाहिलेली ती आठवण, वांकण्यानें येणारा कठीणपणा, काळानें होणारें विसर्पण व आंत सांचत जाणारी इजा, हीं सर्व एकत्र गुंफलेलीं असतात. आपल्या देशांत तमिळनाडूमधील कल्पाक्कम येथें वितळलेल्या सोडियमनें उष्णता वाहून नेणारी अणुभट्टी १९८५ सालीं प्रथम सुरू झाली. अशा भट्ट्यांसाठीं लागणाऱ्या पोलादावर शीण व विसर्पण यांचा एकत्र परिणाम काय होतो, याचें संशोधन तेथील केंद्रांत झालें आहे. तथापि गणित कितीहि सूक्ष्म असो, शेवटीं कोणीतरी नमुना यंत्रांत अडकवून, त्यास तापवून, फेरे व तास मोजलेच पाहिजेत. त्या खोलींत व्होलरची पद्धतच आजहि चालते.

विद्यार्थिमित्रहो, व्होलर यानें कोणताहि नवा धातु शोधला नाहीं कीं डोळे दिपविणारें यंत्र केलें नाहीं. ज्या गोष्टीस लोक दैव म्हणत होते, तिच्यांत त्यानें फेऱ्यांची संख्या शोधली. लोखंड अचानक मोडत नाहीं. तें पुष्कळ दिवस आधींपासून मोडत असतें, आणि पाहणाऱ्याला तें अचानक वाटतें, इतकेंच. हें त्यानें सिद्ध केल्यानंतर, आंस मोडून गाडी कोसळल्यास केवळ दैवाकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाहीं. तो किती वेळां फिरला, तो केव्हां तपासला, तो वेळेवर बदलला कां नाहीं, हे प्रश्न विचारतां येऊं लागले. आणि ज्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारतां येतो, त्या गोष्टीची जबाबदारीहि कोणावर तरी येते. रुळांवरून जाणाऱ्या उतारूस व्होलर हें नांव ठाऊक नसतें. परंतु तो निर्धास्त झोंप घेतो, ती त्याच जबाबदारीच्या भरंवशावर.

यापुढें केव्हां मसूरच्या फलाटावर उभे राहाल, तेव्हां गाडी थांबल्यावर क्षणभर डब्याच्या खालीं पाहा. एखादा कामगार हातोडी किंवा विजेरी घेऊन चाकें व आंस तपासतांना दिसला, तर त्याच्या वाटेंत येऊं नका. झोल्टाउच्या शाळामास्तराच्या मुलानें आरंभिलेलें काम तो मनुष्य तेथें पुढें चालवीत असतो.